अण्णांचे नवे दात आणि क्लॅरिनेट

मंडळी, आज सोलापुरात दातांच्या दवाखान्यात क्लॅरिनेट वाजलं. वाजवणारे माझे वडील होते.

अण्णा मोडनिंबच्या बँड पथकात आहेत. उन्हाळ्यात गाडीवरून पडून त्यांचे वरचे पुढचे दोन दात गेले. क्लॅरिनेट त्याच दातांवर टेकवून धरतात, त्यामुळे वाजवणंच बंद झालं.

आज शेजारच्या दातांच्या आधारानं दोन नव्या दातांचा ब्रिज बसवला. पक्का करायच्या आधी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वाजवून बघा की."

अण्णांनी सोबत आणलेलं क्लॅरिनेट काढलं. पहिला सूर फाटला. मॅडमनी ब्रिज काढून जरासा घासला, परत बसवला. मग अण्णा असे वाजवायला लागले की बाहेरचे पेशंट दाराशी येऊन उभे राहिले. माझी मान ताठ झाली.

येताना अण्णा म्हणाले, "यंदा लगीनसराईला मी हाय, सांग समद्यांना."

सांगितलं. कुणाच्या घरी लग्न आहे?