‘उतरलें’ म्हणजे काय?

त्या सकाळीं आम्ही दोघांनीं वालाच्या शेंगा सोलल्या. बायको रुक्मा म्हणाली, “तुमचे हात पितळ ठोकायचे. दाणे चिरडूं नका.” एवढेंच.

भूतखेत, अंगांत येणें — मी कधीं मानलें नाहीं. आतांहि नाहीं. शाळा तिसरीपर्यंत, तीहि तमिळांत. मराठी बापानें घरीं शिकवली, चुका सांभाळून घ्या.

तीन वर्षांमागें नाचियार्कोविलची बस कालव्यांत उलटली. रुक्मा वांचली. शेजारीं बसलेली बाई तिचा हात धरूनच गेली. तेव्हांपासून हॉर्न वाजला, माझा हातोडा पडला, कीं ही दोन्ही हातांनीं खांब धरायची. मी म्हणायचों, “पुरे कर नाटक.” एकदां नव्हे... रोज.

शेंगा सोलून झाल्यावर तिला कुंभकोणांतल्याच इस्पितळांत नेलें. डोक्याला पुन्हां तारा लावायच्या होत्या. मागल्या खेपेचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, “हिच्या मेंदूंतल्या लाटा झोपेंतहि निवत नाहींत. भिणारा भाग जागाच असतो. ‘संपलें’ म्हणून सांगणारा भाग त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. तिच्या लेखीं बस अजून उलटतेच आहे.”

हें मला कोणीं आधीं सांगितलें नव्हतें. कीं मीं विचारलें नव्हतें.

मला बाहेर बसवलें. दार बंद. मी लांब, पाण्याच्या नळाजवळ गेलों नि तोंडांतल्या तोंडांत म्हणालों, “रुक्मे, बस थांबली. उतर आतां.” तीन वर्षांत पहिल्यांदा.

दार उघडलें. मशीनवरची मुलगी तमिळांत — तात्ता म्हणजे आजोबा, पाट्टी म्हणजे आजी — म्हणाली, “तात्ता, पाट्टी आतां एकच शब्द बोलल्या, नि लाटा एकदम शांत झाल्या. ‘उतरलें’ म्हणजे काय?”

तिला मराठीचें अक्षर येत नाहीं. माझा आवाज माझ्याच कानांना ऐकूं आला नव्हता.

घरीं येऊन जेवलों. दुपारीं ती आडवी झाली. रस्त्यावर बसनें मोठा हॉर्न दिला — ती हलली नाहीं. मला बरें वाटलें... निजली म्हणून. चारला कॉफीला उठवायला गेलों, तर हात गार.

हृदय बंद पडलें म्हणाले. मुलगा म्हणतो, इस्पितळांतलें तें योगायोग. असेल. तिनें कसें ऐकलें, मला माहीत नाहीं. हॉर्न वाजला तेव्हां ती होती कीं नव्हती, तेंहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अस्थी आणायला मुलाला पाठवलें. शेजारी म्हणाले, “सुतकांत कोठें चाललां?” मी तसाच निघालों. इस्पितळांत जाऊन त्या मुलीला म्हटलें, लाटा शांत झाल्या ती जागा कागदावर दाखव. तिनें लाल पेनानें गोल केला.

मला त्या रेघा कळत नाहींत. त्या गोलावर बोट ठेवून उभा राहिलों, ती “तात्ता, पुढचा पेशंट” म्हणेपर्यंत.