बगळीचं स्थळ

जगातल्या कुठल्याही प्राण्याकडे, माणूस धरून, त्याची आई कोण, आजी कोण आणि मूळ गाव कोणतं हे कळल्याशिवाय वळून पाहू नये, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका आमच्याच नात्यात निघाला. आईचे हे मावसभाऊ. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. देवळीच्या अलीकडच्या एका खेड्यात त्यांचं वावर होतं आणि त्यात कापूस, तूर वगैरे येत असे. पण तो त्यांचा पोटापाण्याचा नाइलाज. जीव होता तो गाईत. तीही वाटेल ती गाय नव्हे. आमच्या जिल्ह्याची पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, चालायला लागली की घोड्याने रस्ता सोडावा अशी गवळाऊ. तिच्यासाठी त्यांनी एक जाडजूड वही घातली होती. गुरांच्या कोठ्यात जन्मलेल्या प्रत्येक वासराचं नाव, आई, बाप, आजा, मूळ गाव आणि शेवटी स्वभाव. घरातल्या माणसांच्या जन्मतारखा विचारल्या तर ते "पोळ्याच्या आसपास" म्हणत, पण गाईची सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ.

या वहीपायी त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे जिवाला घोर असे. वर्ध्याच्या एसटीत ते खिडकीपाशी बसत, आणि एखाद्या शेताच्या धुऱ्यावर बरा गोऱ्हा दिसला की सरळ उठून घंटीची दोरी ओढत. कंडक्टर भांडायला आला की ते त्यालाच विचारत, हा कोणाचा गोऱ्हा, माहीत आहे का. एकदा त्या कंडक्टरला खरंच माहीत होतं. मग अख्खी गाडी पंधरा मिनिटं उन्हात उभी, आणि हे दोघे धुऱ्यावर.

माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला त्यांना नेण्याची चूक आम्ही केली. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मामा जागेवर नव्हते. ते परभारे मागच्या कोठ्यात शिरले होते. अर्ध्या तासाने हातपाय धुऊन आले आणि बैठकीत जाहीर केलं, "घराणं चोख हाय. करून टाका." बायको अजून म्हणते की तुम्ही मला पसंत केलंच नाही, आमच्या गाईला केलं. मी वाद घालत नाही. गाय खरोखरच चांगली होती.

मामा स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिले. घराणं पाहण्याची ही खोड त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. त्यांनी मुलासाठी इतकी स्थळं मोडली की शेवटी स्थळंच यायची थांबली. एका मुलीचा काका फार मोठ्याने हसतो म्हणून नको, दुसरीच्या घराचं दार दक्षिणेला म्हणून नको. हिंगणघाटकडची एक मुलगी मामांच्या मनात भरली होती, असं आई सांगे. तिच्या गावच्या विहिरीचं पाणी खारं म्हणून वडिलांनी नकार कळवला. मामा तेव्हा काही बोलले नाहीत, आणि पुढेही कधी बोलले नाहीत.

तर अशा माणसाच्या कोठ्यात सत्तरची सालं सरता सरता एकच गाय उरली. बगळी. बाकीचे खुंटे म्हातारपणाने आणि दुष्काळाने रिकामे केले होते. बगळीचंही वय होत आलं होतं. एकदा ती भाकड झाली की सात पिढ्यांचं घराणं वहीतच राहणार. कालवड होण्याची ही शेवटचीच संधी, आणि ती जाऊ नये म्हणून मामांची झोप उडाली होती. नेमकं तेव्हाच गावोगाव जर्सीचं वारं सुटलं. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सायकलवरून आले आणि इंजेक्शनने काम होईल, दुधाची गंगा वाहील, असं समजावू लागले. मामांनी त्यांना पाट दिला, चहा दिला आणि पाव्हण्याचं मूळ गाव विचारलं. जर्सी हे समुद्रातलं एक बेट आहे, असं डॉक्टर म्हणाले. तिथे जायला गाडी कोणती? गाडी नाही. बरं, नवरदेव निदान पाहायला मिळेल? डॉक्टरांनी नळी दाखवली.

मामांनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या वडलानं पोरगी खाऱ्या पाण्याच्या गावची म्हणून नाई म्हटलं होतं. हा तर समुद्रातलाच निंगाला."

डॉक्टर गेल्यावर मामा वळू शोधायला निघाले. बैलबंडीने, एसटीने, पायी. आर्वीकडे एक होता, पण त्याची आई दूध काढताना लाथ मारी. पवनारला नदीकाठी एक देखणा होता, तो नदीचं पाणी पाहून बिचके. एकाचं सगळं जमलं, खाणाखुणा जुळल्या, मालकाने सुपारी फोडायचीच काय ती बाकी ठेवली, आणि मामांनी वही उघडून पाहिलं तर तो बगळीचा सख्खा मावसभाऊ. भावाबहिणीचं लग्न लावता का, म्हणून ते मालकावरच चिडले. असं करता करता उन्हाळा गेला. बगळी माजावर येई, हंबरून कोठा डोक्यावर घेई, आणि मामा तिला समजावत, "थांब बाई, पाहून राह्यलो ना."

बगळी थांबली नाही. एके दिवशी गावचा गायकी, म्हणजे सगळ्यांची गुरं चारायला नेणारा म्हातारा, दुपारीच तोंड खाली घालून दारात उभा राहिला. घरातली मुलगी पळून गेल्यावर सांगतात त्या आवाजात त्याने सांगितलं, की बगळी कळप सोडून गेली. मामांनी एवढंच विचारलं, "कोणासंगं?"

देवळीच्या बाजारातला सांड. काळाकबरा, एक शिंग मोडलेलं, आईबापाचा पत्ता नाही, मेथीच्या जुड्या चोरून खाण्यावर जगणारा. त्याला मामांनी स्वतः अनेकदा काठीने हाणलं होतं.

पुढचे नऊ महिने मामा बगळीशी बोलले नाहीत. सरकीची ढेप घालत, पाणी दाखवत, पण मान फिरवून. गावाला तेवढंच हवं होतं. येता-जाता जो तो विचारी, मामा, पाव्हणे कुठले म्हणायचे? मीही बोरगाव मेघेहून दर रविवारी भाच्याच्या नात्याने चौकशीला जात असे. आता सांगतो, मजा पाहायलाच जायचो.

अशाच एका रविवारी बगळी व्याली. कालवड झाली. कोठ्याबाहेर निम्मं गाव जमलं होतं. कालवडीचं तोंड आईसारखं लांब होतं, पण अंगावर शाई सांडावी तसे काळे डाग. मामा खाली बसले. कालवड थरथरत उभी राहिली आणि बगळी तिला चाटू लागली. मामांनी बगळीच्या मानेवर हात ठेवला. नऊ महिन्यांनी पहिल्यांदाच.

"बरं केलं बाई," ते हळूच म्हणाले. "कोणाले इचारत नाई बसली. मले नाई जमलं थे."

बाहेरचं कोणी हसलं नाही. मलाही एकदम लाज वाटली.

त्यानंतर दर बाजाराला मामा पिशवीत ढेप घेऊन देवळीला जात आणि त्या सांडाला जवाई म्हणून हाक मारत. पोळ्याला त्याच्या एकुलत्या शिंगाला बेगड लावून आले. भाजीवाल्या बायका ओरडत, तुमच्या जवायाला आवरा. मामा जुडीचे पैसे देऊन मोकळे होत.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची वही माझ्याकडे आहे. कालवडीच्या ओळीत बापाच्या जागी लिहिलंय, "आमचे जवाई". मूळ गाव, "विचारलं नाही." मात्र मी वही उघडतो ती त्याच्या वरची ओळ वाचायला. तिथे बगळीचा स्वभाव आधी "नाकासमोर चालणारी" असा लिहिला होता. तो खोडून मामांनी एकच शब्द घातलाय: "हिंमतीची." आमच्या अख्ख्या घराण्यात हा शेरा दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. मी तर गाय पाहून लग्न ठरलेला माणूस, मला कुठून मिळणार.