माळावरचं क्रेब

गमराने सांगितल्याशिवाय फित्री तळ्यामागच्या माळावर कुणी बाई टोपली घेऊन शिरत नसे. तिथलं गवत कुणी पेरलेलं नव्हतं. पाऊस झाला की ते आपोआप उगवायचं, गुडघ्याला लागायचं, आणि बाजरी हाती येईपर्यंत त्याच्या बारीक दाण्यावर, म्हणजे क्रेबवर, गाव निभावायचं.

मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तलाक दिला आणि गमरा भावाच्या घरी परतली. भाऊ मायेचा होता, पण त्या घरात तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं. तेव्हा क्रेब गोळा करण्याचा दिवस ठरवण्याचा मान तिची चुलती हव्वाये हिच्याकडे होता. तिने या गप्प झालेल्या पुतणीला सोबत न्यायला सुरुवात केली. दाणा दाताखाली धरून बघायचा, चालता चालता टोपली गवतावरून झुलवायची, पिकला असेल तेवढाच आत पडतो, बाकीचा उद्यासाठी राहतो. म्हातारी गेली आणि मान गमराकडे आला. बायका तिला विचारू लागल्या, आणि तिची मान जरा ताठ झाली.

एका वर्षी टोळांनी कोवळी बाजरी फस्त केली. गमराच्या भाच्याची बायको अश्ता नुकतीच बाळंत झालेली. ती रोज दारात येऊन उभी राहायची.

"आत्या, आज जायचं का माळावर?"

"अगं, दाण्यात दूध आहे अजून."

"माझ्या अंगावरचं आटलं, आणि तुमच्या गवतात म्हणे दूध आहे!"

बाहेरच्या बायका खो खो हसल्या. गमरा मात्र चिडली. पण माळावर जाऊन तिने पुन्हा दाणा चिमटला. काही ओले होते, बरेचसे पिकले होते. तेवढ्यावर टोपल्या झुलवता आल्या असत्या. हे तिला कळलंही. पण अश्ताने चारचौघींत तोंड टाकलं होतं. लगेच होकार दिला तर पुढे आपल्याला कोण विचारणार?

"परवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेचा कोरडा वारा सुटला. त्या वर्षी तो फार लवकर आला. बायका माळाच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. गवत आडवं होत होतं, उठत होतं आणि हलकं होत होतं. वारा पडला तेव्हा कणसं रिकामी होती.

"आता सुलतानीणबाईंच्या हातात झाडू द्या," कुणीतरी म्हणालं.

गमराने खरोखरच झाडू घेतला. गवत बाजूला सारून ती जमीन झाडू लागली, मग एकेक करून बाकीच्याही वाकल्या. माती, काड्या, दाणे, सगळं एकत्र. कितीही पाखडलं तरी वाळू राहिलीच. त्या हंगामात गावाने क्रेबचा गोळा भेंडीच्या कालवणात बुडवून खाल्ला आणि घराघरात दाताखाली कचकच झाली. ती प्रत्येक कचकच गमराला झोंबली.

पाखडलेल्या दाण्यांचं पहिलं सूप तिने अश्ताच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. अश्ताने वरही पाहिलं नाही. सूप मात्र रिकामं करून दिलं. बाळ किरकिरलं, वाळलं, पण जगलं.

पुढच्या पावसानंतर गवत पिकायला आलं तेव्हा गमराने अश्ताला बोलावलं.

"यंदा तू सांग दिवस."

"मी? आणि चुकलं म्हणजे? सगळ्याजणी मलाच खातील!"

"मला खाल्लंच ना."

अश्ताला हसू आलं. तिने पदर खोचला, एक दाणा चावला, मग दुसरा.

"इकडचा झालाय, आत्या. तळ्याकडचा कच्चा वाटतो."

गमराने चावून पाहिला. तिला तळ्याकडचाही चालला असता. तिने तसं सांगितलं. दोघी माळाच्या मधोमध बराच वेळ वाद घालत उभ्या राहिल्या, आणि शेवटी इकडून सुरुवात करायची ठरवून बायकांना बोलवायला निघाल्या.