नऊ वाजेपर्यंतचा धूर

डोरीन प्लँट माझ्याशी बोलत नाही, त्याला आज एकोणीस दिवस झाले. तिचं बरोबर आहे. पण राग काय तो तिलाच येतो असं तिने समजू नये. मलाही येतो. मरीनाच्या, म्हणजे बोटी लावायच्या या धक्क्याच्या, ऑफिसचा येतो, समोरच्या काठावरच्या नव्या फ्लॅटवाल्यांचा येतो, तिच्या हट्टाचा येतो. आणि माझा स्वतःचा इतका येतो की माझ्या मुलीच्या, टॅम्सिनच्या, डब्यात सँडविच भरतानासुद्धा सुरी जरा जास्तच जोराने चालते.

कालव्यावरच्या आमच्या जेटीवर नऊ बोटी आहेत, राहायच्या. लांबलचक आणि अरुंद, दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागतात अशा. डोरीनची सातवी, माझी आठवी. तिच्या बोटीचं नाव 'पेशन्स'. तिसऱ्या बोटीतला लेन फर्नीहो म्हणतो, बोटीत सगळं आहे, फक्त नावात आहे तेवढं नाही. डोरीन चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सव्वीस वर्षं तिने किडरमिन्स्टरला गालिच्यांच्या कारखान्यात काढली. नवरा केन निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकून ही बोट घेतली आणि चौथ्या वर्षी केन गेला. बहिणीने सांगितलं, आता तरी जमिनीवर ये. डोरीन म्हणाली, "घर विकलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं, आता का विचारू?" कारखान्यातून आणलेले गालिच्यांचे तुकडे तिच्या बोटीत सगळीकडे आहेत. जमिनीवर, गादीखाली, कपाटामागच्या गार पत्र्यालासुद्धा. सगळे एकाच लाल फुलांचे. आत शिरलं की एखाद्या हॉटेलच्या पॅसेजमध्ये कुणी चूल मांडल्यासारखं वाटतं.

तिचा हिवाळा शेगडीभोवती चालतो. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा पेटवली की एप्रिलपर्यंत विझवायची नाही. रात्री वरून कोळसा घालून, हवा कमी करून ती झोपवते आणि पहाटे साडेपाचला जाळी हलवून उठवते. त्या खडखडाटाने मीही उठते. मग रात्रीची राख बादलीत घेऊन, घरातल्या सपाता घालूनच ती बाहेर येते आणि जेटीच्या फळ्यांवर ती राख पसरत फाटकापर्यंत जाते. थंडीत त्या फळ्यांवर पारदर्शक बर्फाचा पातळ थर बसतो. डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतो, तोवर उशीर झालेला असतो. एका बाजूला बोटी, दुसऱ्या बाजूला काळं पाणी. माझी मुलगी सात वर्षांची आहे. गेले दोन हिवाळे मी तिला डोरीनच्या राखेवरून चालवत शाळेत नेलं आहे आणि एकदाही 'थँक यू' म्हटलेलं नाही. राख आहेच, असं धरून चालले.

राख झाली की चहा, आणि चहा झाला की धुराडी. कप हातात घेऊन डोरीन दारात उभी राहते आणि नऊच्या नऊ धुराडी बघते. मी इथे येण्याआधी एका हिवाळ्यात टोकाच्या बोटीतला माणूस तिसऱ्या दिवशी सापडला होता. तेव्हापासूनची ही पद्धत आहे: नऊ वाजेपर्यंत ज्याच्या धुराड्यातून धूर नाही, त्याच्या छपरावर ठोठावायचं. बोटीवर पाय ठेवायचा नाही. पाय ठेवला की बोट कलते आणि आतल्या माणसाला कुणीतरी आपल्या बिछान्यावर बसल्यासारखं होतं. जेटीवरूनच ठोठावायचं, तीनदा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एकदा झोपून राहिले आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी डोक्यावर दणके बसले.

"जिवंत आहेस का गं?"

"आहे."

"मग धूर कर."

मी खूप चिडले होते. माझ्या आईनेही माझ्यावर असा पहारा ठेवला नव्हता.

आता माझी तक्रार. डोरीन जळणाला मिळेल ते घालते. चांगला, धूर न होणारा कोळसा महाग, तो ती फक्त रात्रीसाठी ठेवते. दिवसा काठावर पडलेल्या विलोच्या झाडांच्या ओल्या ओंडक्यांवर भागवते. ओला विलो पेटत नाही, नुसता कुजबुजतो आणि पिवळट धूर सोडतो. वारा पश्चिमेचा असला की तो धूर आमच्या झरोक्यांतून सरळ आत. झरोके बुजवता येत नाहीत. बोटीत शेगडी असताना झरोके बुजवणं म्हणजे कोंडलेल्या वायूने मरणं, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. टॅम्सिनला दमा आहे. नोव्हेंबरात तिला आठवड्यात चार वेळा पंप द्यावा लागला. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसायचे. असं बसलं की माणसाला शेजारी दिसत नाही, धूर दिसतो.

मी सातव्या बोटीच्या छपरावर ठोठावायला हवं होतं. दहा पावलं होती. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या, मी तिला तीन दिल्या असत्या, आणि मग तिने ओंडके शेगडीशेजारी सुकवायला ठेवले असते. आमच्याकडे भांडणं अशीच होतात. लेनचं आणि तिचं पाण्याच्या नळावरून दर आठवड्याला होतं. पण मला तिची भीती वाटत होती, आणि मी शिकलेली बाई आहे, मला अर्ज लिहिता येतो. मी ऑफिसात जाऊन तक्रारीचा कागद भरला. नाव गुप्त ठेवावं, या ओळीपुढे खूण केली.

फ्लॅटवाल्यांच्या दोन तक्रारी आधीच होत्या. ते लोक पाण्याकाठचं घर हवं म्हणून इथे राहायला आले आणि मग त्यांना बोटी दिसल्या. माझी तिसरी झाली. नवा मॅनेजर ग्रेग स्टॅनयर नियमाचा पक्का. एका हिवाळ्यात तीन तक्रारी झाल्या की लेखी ताकीद. नंतर एकदा जरी धूर दिसला, तर पंधरा दिवसांत बोट हलवायची. डिसेंबरात, गोठलेल्या कालव्यातून, एकट्या बाईने, कुठे, ते पत्रात नव्हतं.

डोरीनने ते पत्र जेटीवर उभं राहून मोठ्याने वाचलं.

"'प्रिय ग्राहक.' अकरा वर्षं मी इथे आहे आणि मी ग्राहक."

"ग्राहकच आहेस. गिऱ्हाईक. आम्ही सगळे तुझी गिऱ्हाइकं, रोज शिव्या घेतो," लेन म्हणाला.

"तू गप रे. फ्लॅटवाले. नक्की तेच. खिडक्या बघ केवढ्या. एवढ्या खिडक्यांतून बघायला त्यांना दुसरं काही मिळालं नाही, माझं धुराडं मिळालं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस हेदर? तुझं पोर खोकतं, पण तू कधी गेलीस का त्या ऑफिसात?"

मी म्हटलं, "वाईट झालं." एवढंच. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं धुराडं थांबलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. लेन म्हणाला, "चला, म्हातारीने आयुष्यात एकदा कुणाचंतरी ऐकलं." तिने विजेचा हीटर आणलाय हे सगळ्यांना माहीत होतं. जेटीवरच्या विजेच्या खांबाला तो हीटर झेपत नाही, लावला की दर तासाला खटका पडतो, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिने सांगितलं नाही. नऊ वाजले, धूर नव्हता, आणि कुणीही ठोठावलं नाही. नियम पाळतेय, असं आम्ही समजलो. इतकी वर्षं ज्या खुणेवर ही जेटी जगली, ती खूण एका पत्राने पुसली आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आता निदान विचारून तरी यावं. दोन दिवस गेले. टॅम्सिनचा खोकला कमी झाला, आणि लाज वाटते लिहायला, मी बरं वाटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. सव्वाआठला आम्ही शाळेला निघालो. टॅम्सिन दोन पावलं पुढे होती. तिचा पाय सटकला आणि ती धपकन बसून फळीवरून पाण्याकडे घसरत गेली. मी तिच्या दप्तराचा पट्टा पकडला. तिचे दोन्ही बूट पाण्यावरच्या बर्फाला लागले, बर्फ तडकला, पाणी वर आलं. मी तिला ओढून घेतलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती म्हणाली, "आई, राख नाहीये."

आधी मला रागच आला. म्हातारी रुसली, आम्हा सगळ्यांवर सूड उगवायला तिने राखसुद्धा टाकली नाही. रागारागाने मी तिच्या बोटीपर्यंत गेले. मूठ उचलली, आणि मग कळलं. राख टाकली नाही असं नव्हतं. राख नव्हतीच. शेगडी पेटलीच नव्हती, तीन दिवस.

मी तीनदा ठोठावलं. पुन्हा तीनदा. मग बोटीवर पाय ठेवला. बोट कलली, आतून कुणी ओरडलं नाही. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. आत बाहेरपेक्षा जास्त गार वाटलं. किटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती. डोरीन कोट, टोपी आणि बूट घालून बिछान्यात होती, वर लाल फुलांच्या गालिच्याचे दोन तुकडे. ती कुडकुडतही नव्हती, त्याच्या पलीकडे गेली होती. जीभ जड झाली होती.

"शेगडी बंद आहे," ती म्हणाली. "जाऊन सांग त्यांना. धूर नाही."

ऊब मिळावी म्हणून मी टॅम्सिनला तिच्या अंगावर झोपवलं आणि लेनला हाका मारल्या. अँब्युलन्स बारा मिनिटांत आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली, कारण सोमवारी ग्रेगने फाटकाच्या कुलुपाचा आकडा बदलला होता आणि त्याची सूचना ऑफिसच्या आतल्या फळ्यावर लावली होती. लेन सत्तरीचा आहे. बर्फावरून पळत गेला आणि फाटक उघडून आला.

दुपारी मी ऑफिसात गेले. ग्रेग उभा राहिला, खुर्ची दिली. चांगल्या घरचा मुलगा आहे.

"फार वाईट वाटलं. पण शेगडी बंद करा असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. धूर नको, एवढंच."

"पेटवली की धूर होतोच, आणि चांगला कोळसा दिवसरात्र परवडत नाही. त्यांच्याकडे दुसरं काय होतं?"

"ते त्यांनी येऊन सांगायला हवं होतं."

"आणि तुम्ही जाऊन विचारायला. तिसरी तक्रार माझी आहे. मला ती परत हवी आहे."

त्याने फाइल उघडली. तक्रार मागे घेता येते का हे तो नियमात शोधत बसला. मी समोर उभी राहिले. सापडलं, येते. सही केली. मग मी म्हटलं, "आता दोन उरल्या. दोनवर ताकीद नाही. पत्र मागे घेतल्याचं पत्र द्या. आत्ता. 'प्रिय ग्राहक' लिहू नका, नाव लिहा."

ते पत्र घेऊन मी पाचव्या दिवशी हॉस्पिटलात गेले. डोरीन पुन्हा ओळखीची दिसत होती, म्हणजे नर्सशी भांडत होती. मी पत्र दिलं. तिने वाचलं, चष्मा काढला.

"हे कसं झालं?"

मी सांगितलं. सगळं, नाव लपवायची खूण केली होती तेही.

तिने ब्लँकेटची कड सरळ केली. "पोर खोकत होतं," ती म्हणाली. "मला ऐकू यायचं. मला वाटायचं, हिला त्रास असता तर ही आली असती. दहा पावलं आहेत, हेदर. आली असतीस तर मी तुला फाडून खाल्लं असतं आणि दुसऱ्या दिवशी कोरडं लाकूड घातलं असतं. तू मला कागदावर लिहून दिलंस." मग तिने तोंड भिंतीकडे केलं. "जा आता."

ती परत येण्याआधी आम्ही तिची शेगडी पेटवली. लेनने ॲशच्या झाडाचं कोरडं लाकूड फोडून तिच्या छपरावर रचलं. थंडीने गोठून फुटलेला पाण्याचा पाइप त्यानेच बदलला. ती आली, लाकूड बघितलं, लेनला म्हणाली, "वाकडंतिकडं फोडलंयस." माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून ती टॅम्सिनशी बोलते, तिला बार्लीचं सूप देते, तिच्या हातून रिकामा डबा परत घेते. मी समोर आले की दार लावते. राख मात्र पहाटे पडते, फाटकापर्यंत, माझ्या बोटीसमोरही. मी रोज "थँक यू" म्हणते. ती बादली आपटते.

काल रात्रभर टॅम्सिनला ताप होता. पहाटे तो उतरला आणि आम्ही दोघी तशाच झोपलो. शेगडी विझली. डोक्यावर दणके बसले तेव्हा घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. तीन दणके, पूर्वी मारायची त्यापेक्षा जोरात.

"जिवंत आहेस का?" 'गं' नव्हतं.

"आहे. डोरीन, मला—"

"मग धूर कर."

सपातांचा आवाज राखेवरून दूर गेला. मी गुडघ्यांवर बसले, कागद चुरगाळला, त्यावर कोरड्या काटक्या ठेवल्या आणि काडी ओढली.