कोमट दुधाचं माप

आमच्या घरापासून दूध केंद्र चार घरं सोडून होतं. लग्न होऊन आले तेव्हा सगळे म्हणायचे, बरं आहे, लांब जावं लागत नाही.

धाकटीचं जावळ काढलं त्या वर्षीची गोष्ट, म्हणजे सत्त्याऐंशी असेल नाहीतर अठ्ठ्याऐंशी. गाव तेलुगू मुलखात, नार्नूरच्या अलीकडे. म्हशीची धार दोन्ही वेळा मीच काढायची. पहाटेचं दूध केंद्र उघडेपर्यंत दोन तास ओट्यावर झाकून ठेवायचं. संध्याकाळी केंद्र लवकर बंद व्हायचं, म्हणून धार झाली की फेसासकट बादली उचलून पळायचं.

केंद्रातला मोजणारा माणूस तेलुगू होता. आमच्याशी हिंदीत बोलायचा. दुधात तो एक काचेचा काटा सोडायचा. दूध दाट असलं की काटा वर तरंगतो, पातळ असलं की खाली बसतो. त्याच्यावर रेघा असतात. माझं सकाळचं दूध रेघेला बरोबर उतरायचं. संध्याकाळचं उतरायचं नाही, काटा खाली जायचा. मग तो माझ्या कार्डावर लाल शाईनं फुली मारायचा, म्हणजे दुधात पाणी.

"अम्मा, घर में बोअरिंग है क्या?" असं त्यानं एकदा विचारलं. रांगेतल्या बाया हसल्या.

दोन कोसांवरून सायकलवर दूध आणणारा एक म्हातारा होता. त्याच्या कार्डावर कधी फुली नसायची. तो म्हणाला, "सूनबाई, माह्या दुधाकडं पाह्य. रस्ताभर हादरे खाऊन येते, तवा त्याले अक्कल येते." पुन्हा सगळे हसले. मी पदर पुढं ओढून बादली घेतली आणि घरी आले.

महिना संपल्यावर माझे मालक, म्हणजे लेकरांचे बाप, कार्ड हातात घेऊन बसले. सगळ्या फुल्या संध्याकाळच्या होत्या. संध्याकाळी ते शेतात असायचे.

"सकाळी मी घरी असतो," एवढंच ते बोलले.

सासूबाई जास्त बोलल्या. "काऊन वं, लेकरासाठी दूध काढून ठेवून राह्यली अन् वरून पाणी वतून राह्यली का?"

मी नाही म्हटलं. एकदाच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून धार मी काढायची आणि संध्याकाळची बादली सासूबाईंनी न्यायची, असं ठरलं. सासूबाईंना चार घरं ओलांडायला चार ओटे लागायचे. एकीकडं तंबाखू, एकीकडं कुणाच्या सुनेची चौकशी, तिसरीकडं गुडघ्याचं दुखणं. केंद्र बंद व्हायच्या बेताला त्या पोचायच्या. त्यांच्या दुधाला फुली पडली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभर नाही.

"पाह्य," त्या लेकाला म्हणाल्या, "तीच म्हैस, तेच दूध."

मालकांनी कार्ड पाहिलं आणि हात धुवायला उठले. त्या दिवसापासून घरात कुणी मला काही विचारलं नाही. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. स्वयंपाक करायची, झाडायची, म्हशीला पेंड घालायची. मनात एकच चालायचं. त्या बरोबर बोलल्या होत्या. तीच म्हैस, तेच दूध. मग चार ओट्यांवर दुधाला होतं तरी काय? कुणी काही घालत नाही, कुणी काही काढत नाही. फक्त वेळ जातो. वेळानं दूध निवतं आणि फेस बसतो.

गुरांचा डॉक्टर म्हशीला सुई टोचून रिकामी शिशी टाकून गेला होता. मी ती धुतली. रबरी बुचाला भोक पाडून त्यातून मोठ्या मुलीच्या पेनातली संपलेली कांडी उभी खोचली आणि मेण लावलं. शिशीत चिमटीचिमटीनं वाळू घातली. आधी पार बुडाली, मग वाळू कमी केली, मग सरळ उभी तरंगायला लागली. ताज्या दुधात जिथवर बुडाली तिथं कांडीला काळा दोरा बांधला. मग दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, थंड पाण्याच्या परातीत ठेवला, भाकरी केल्या आणि परत पाहिलं. दोरा दुधाच्या वर आला होता. नखाएवढा. चार दिवस लागोपाठ करून पाहिलं. चारही दिवस तेवढाच.

पुढं एका सकाळी दूध घेऊन केंद्रात गेले तेव्हा भिंतीकडं नीट पाहिलं. भिंतीवर एक तक्ता होता, तेलुगूत. माझी शाळा मराठीत आणि तीही चौथीपर्यंत, त्यामुळे तेलुगू अक्षर येत नाही. पण आकडे बसच्या पाटीवर असतात तेच होते. एका रांगेत आकडे एकएकानं चढत होते. शेजारच्या रांगेत त्यांच्यापुढं अधिक-वजाच्या खुणा होत्या. वर वजा, मध्ये शून्य, खाली अधिक. मी बराच वेळ पाहत उभी राहिले. मग त्या माणसाशी पहिल्यांदा आपणहून बोलले.

"ये क्या है?"

"थर्मामीटर का तक्ता, अम्मा. दूध गरम रहा तो उतना बढ़ाना."

"तो बढ़ाते नहीं?"

"थर्मामीटर टूट गया ना. लिखके भेजे हैं."

"कब?"

"मेरे आने के पहले," तो म्हणाला आणि पुढची बादली ओढली.

म्हणजे नियमानं माझं दूध चोख होतं. नियम सहा हातांवर भिंतीला लटकत होता.

मालक जेवायला बसले तेव्हा मी शिशी आणली. ताजं दूध आणलं, निवलेलं आणलं, दोन्हीत सोडून दाखवलं. त्यांनी घास थांबवून नीट पाहिलं. बोटानं कांडी दाबूनही पाहिली. ती पुन्हा वर आली.

"मग तवा काऊन नाही सांगितलं?"

"तवा मले माहीत नव्हतं."

त्यांनी पुन्हा घास घेतला. "आता आई नेते ना," ते म्हणाले. "राहू दे."

राहू दिलं. शिशी फडताळात ठेवली.

दहा-एक वर्षं सासूबाई संध्याकाळचं दूध नेत राहिल्या. मग त्यांचे गुडघे गेले आणि बादली माझ्याकडं आली. तोवर केंद्रात यंत्र बसलं होतं. दुधाचा थेंबभर नमुना घ्यायचं, आकडे लाल चमकायचे, आतून चिठ्ठी यायची. उटनूरला कॉम्प्युटर शिकून आलेली एक मुलगी ते चालवायची.

"दूध गरम आहे," मी आधीच सांगून टाकलं.

"असू द्या, अक्का. त्याच्यात सगळं भरलेलं आहे. गरम-थंड ते स्वतःच समजून घेते."

म्हणजे तो भिंतीवरचा तक्ता कुणीतरी बसून यंत्रात भरला होता. मी विचारलं, "आतला थर्मामीटर फुटला तर?"

ती हसली. "मग ते दूध घेत नाही. थांबते."

याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. ज्याला माहीत नाही त्यानं थांबायचं, हे ज्यानं भरलं त्यानं मुद्दाम भरलं असणार. यंत्राला आपोआप ते सुचलं नसेल.

त्या पहिल्या संध्याकाळी चिठ्ठी घेऊन घरी आले. दूध फेसाळ होतं आणि चिठ्ठीत चोख उतरलं होतं. मालकांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. त्यांना शिशी आठवली असेल, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं नाही. मी आठवण दिली नाही.

"आई," ते म्हणाले, "आता हीही चांगलं दूध नेऊन राह्यली."

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून मालकांनी पुन्हा सांगितलं.

"मंग," त्या म्हणाल्या, "शिकवा लागते बाप्पा सुनेले. एका दिवसात होते का?"

त्यात टोमणा नव्हता. त्या मनापासून खूश होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिले, मग बादली घासायला मागं गेले.