बांबूचा चार इंची तुकडा

दहापैकी तीन. सविताने चेंडू माझ्या हातात दिला आणि खाली बघत उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी डोळे झाकून आठ टाकायची. ट्रायलला सव्वीस दिवस उरले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात एका क्रीडा मंडळाची बास्केटबॉल कोच होते. कुस्ती आणि फुटबॉलच्या गावात आमचा खेळ म्हणजे सावत्र पोर. त्यात कुरुंदवाडची सविता मगदूम माझ्याकडे आली, शिवाजी पेठेत मावशीकडे राहून कॉलेज करू लागली, आणि मला कधी नव्हे ते वाटायला लागलं की आपल्या हातून एक खरा शूटर घडतोय.

पुण्यात एका सरकारी खात्याची खेळाडू कोट्यातली भरती होती. मुलींसाठी जागा एकच. वयाच्या अटीत सविताचं ते शेवटचं वर्ष. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, चार वर्सं खेळू दिलं. ह्यात झालं तर बरंच की. न्हाय झालं तर गुमान घरी यायचं आन् खताच्या दुकानात बसायचं." माणूस वाईट नव्हता. शब्दाचा पक्का होता, हीच अडचण.

भरतीच्या ट्रायलची सुरुवात दहा फ्री थ्रोंनी. फ्री थ्रो म्हणजे रिंगसमोर ठरलेल्या रेषेवर उभं राहून, कुणी अडवत नसताना मारायचा चेंडू. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? यातच सगळं आहे. समोर कुणी नसतं, त्यामुळे सांगायला कारणही नसतं.

सविताचे चेंडू लांब जात होते. रिंगच्या मागच्या कडेला आपटून परत येत होते.

"मॅडम, रिंग खाली आल्यागत वाटतीया," ती म्हणाली.

"रिंगला पाय फुटलेत का?"

"तसं न्हाई ओ. पर मी पयल्यासारखंच टाकतो की." आमच्याकडच्या मुली 'टाकतो'च म्हणतात.

रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी. ती मोजायला आमच्याकडे टेप नव्हता, बांबू होता. माझ्या आधीच्या कोचनी बरोबर दहा फुटांचा बांबू कापून ठेवला होता. दर सीझनला तो रिंगखाली उभा धरायचा, वरचं टोक रिंगच्या कडेला लागलं की झालं. मी स्टोअरमधून बांबू आणला आणि सगळ्या मुलींसमोर रिंगखाली धरला.

"बघ. लागला का?"

"लागला."

"मग चूक कुठे आहे?"

"माझ्यात," ती म्हणाली.

हे 'माझ्यात' मी तिच्या तोंडून वदवून घेतलं, आणि तेव्हा मला त्यात आपण फार शिस्तीच्या कोच आहोत असं वाटलं होतं.

मग मी तिला दुरुस्त करायला घेतलं. चेंडू लांब जातोय, म्हणजे जोर जास्त होतोय. गुडघे कमी वाकव. कोपर खाली घे. चेंडू सोडल्यावर मनगट इतकं पुढे झुकवू नकोस. चेंडू टाकण्याआधी ती बुटाच्या तळाला तळहात पुसायची, तेही बंद केलं. 'वेळ जातो,' म्हणून. रोज एक नवी सूचना. एके दिवशी सहा जायचे, दुसऱ्या दिवशी दोन. तिची शूटिंग म्हणजे एका दमात वाहणारी हालचाल होती. दोन आठवड्यांत मी त्या हालचालीचे तुकडे पाडले. रेषेवर उभी राहिली की ती रिंगकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. रात्री जेवणसुद्धा जात नाही म्हणून तिच्या मावशी सांगून गेल्या. मी म्हटलं, ट्रायलचं टेन्शन आहे, होतं असं.

ट्रायलला अकरा दिवस असताना, रविवारी, आम्ही सांगलीला मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेलो. तिथे सविताचा एकही चेंडू मागच्या कडेला लागला नाही. सगळे आखूड. दोन तर रिंगला शिवलेसुद्धा नाहीत. प्रेक्षकांत हशा पिकला. एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून बसली होती. जयसिंगपूर गेल्यावर एवढंच म्हणाली, "तिथली रिंग वर हाय."

'चूक तुझ्यातच आहे' हेच उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण या वेळी ते बाहेर पडलं नाही. आमच्या कोर्टवर लांब आणि सांगलीत आखूड? दोन्ही रिंगा दहा फुटांवर असतील, तर हे होणार कसं?

सोमवारी सकाळी शेजारच्या सुताराकडून टेप मागून आणला आणि टेबलावर चढून मोजलं. नऊ फूट आठ इंच. दुसऱ्या टोकाची रिंग मोजली. तीही नऊ फूट आठ इंच. मग बांबू आडवा ठेवून मोजला. नऊ फूट आठ इंच.

बांबू घेऊन मी स्टोअरकडे गेले. आमचे शिपाई बाबूमामा झाडू मारत होते.

"मामा, हा बांबू कुणी कापला?"

"म्याच की."

"का?"

"नवा कोबा घातला न्हवं का? त्याच्यामागनं बांबू रिंगच्या खाली बसंना. वर टेकाय लागला. म्हटलं वल्लं धरून फुगला असंल. बेतानं कापला."

"आणि रिंग खाली आली असेल असं नाही वाटलं?"

"रिंग कुठं जातीया ओ? पोल सिमेंटात हाय."

मामांवर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी सविताला यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं?

दोन महिन्यांपूर्वी चेअरमनसाहेबांनी मोठ्या हौसेनं कोर्टवर सिमेंटचा कोबा घालून घेतला होता. जुनी फरशी न काढता तिच्यावरच. जमीन चार इंच वर आली, पोल जागच्या जागी राहिले. बाकीच्या मुलींना फरक कळला नाही, कारण त्यांचा नेमच असा होता, की चार इंच इकडे काय नि तिकडे काय. कळलं फक्त सविताला. आणि तिलाच मी खोटं ठरवलं.

"तो कापलेला तुकडा कुठे आहे?"

"त्यो काय, दाराला लावलाय."

स्टोअरचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली पाचर लावलेली असायची. दोन महिने मी रोज ती ओलांडून आत जात होते.

चेअरमन आबा म्हणजे जुने पैलवान. आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा.

"कोबा फोडायचं नाव काढू नका, मॅडम! नारळ फोडून दोन म्हैने न्हाई झालं!"

"कोबा राहू दे. रिंग वर घ्यायची. बोर्डाला नवी भोकं पाडावी लागतील."

"चार इंचानं काय आभाळ कोसळतंय?"

"आबा, तालमीतला वजनकाटा चार किलो खोटा असता, आणि तुमचा पैलवान त्या भरवशावर स्पर्धेला गेला असता तर?"

पैलवानाला वजनात बाद होणं काय असतं, ते मी आबांना सांगायची गरज नव्हती.

"उद्यमनगरातल्या वर्कशॉपातनं माणूस बोलावतो," ते म्हणाले. "सांच्यापत्तूर करून देतो. पर त्यो बांबू तेवढा कुणाला दावू नका."

रिंग संध्याकाळी वर गेली. सविताचा हात असा नट फिरवून जागेवर येणार नव्हता.

मी तिला बाजूला घेतलं. "रिंग खाली होती. तू बरोबर होतीस. हात मी बिघडवला तुझा."

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं चेंडू दाणकन कोब्यावर आपटला. "म्हणालो हुतो की मी! म्हणालो हुतो!" आणि पिशवी उचलून निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. लाज वाटत होती, आणि भीतीही, की ती आता येणारच नाही.

सकाळी सहाला ती कोर्टवर होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता काय करू?"

"मी शिकवलेलं विसर."

"पंधरा दिवस घोटून घेतलं, आन् आता विसर म्हणताय."

खरं होतं. शिकवणं सोपं, शिकवलेलं काढणं अवघड. मी शिट्टी पर्समध्ये टाकली. ठरवलं, आपण फक्त चेंडू उचलून द्यायचा, तोंड उघडायचं नाही. पहिले दोन दिवस ती रिंगपासून तीन फुटांवर उभी राहून एका हातानं टाकत राहिली. मग एकेक पाऊल मागे. प्रत्येक चेंडूनंतर तिनंच सांगायचं, लांब की आखूड. गप्प बसणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. पाचव्या दिवशी पाच गेले. सहाव्या दिवशी परत तीन. सातव्या दिवशी सकाळी चेंडू घेण्याआधी तिचा हात आपोआप बुटाच्या तळाकडे गेला. तळहात पुसला, गुडघे पूर्वीसारखे वाकले, चेंडू जाळीतून खाली आला. मी मान वळवली, माझे डोळे तिला दिसू नयेत म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी सात गेले. सात पुरतील की नाही, मला माहीत नव्हतं.

पुण्यात हॉल मोठा होता. सविताचा नंबर चौथा. तिच्या आधीच्या मुलीनं सात टाकले. सविता रेषेवर गेली, वर बघितलं आणि परत माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, ही बी खाली वाटतीया."

मी उठले आणि अधिकाऱ्यांकडे गेले. "सर, रिंगची उंची मोजून मिळेल का?"

"मॅडम, इथे ट्रायल चालू आहे, बांधकाम नाही."

"टेप माझ्याकडे आहे."

ते वैतागले, पण शिडी आणवली. टेप धरला. दहा फूट. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. दोघीतिघी हसल्या.

सविता मात्र हसली नाही. तिनं एक मोठा श्वास सोडला. "बरोबर हाय व्हय? मग माझंच कायतरी चुकतंय. बघतो."

तळहात बुटाला पुसला. पहिला चेंडू आखूड. दुसरा आखूड. तिनं मान हलवली, गुडघे आणखी थोडे वाकवले. पुढचे आठही गेले.

खेळातही ती चांगली खेळली. महिन्यानं पत्र आलं. अप्पा ते पत्र आणि पेढे घेऊन थेट कोर्टवर आले आणि म्हणाले, "दुकानाला आता माणूस बघाय पायजे."

बांबूचा तो तुकडा मी दाराखालून काढून घेतला. मामांना दुसरी पाचर करून दिली. निवृत्त होईपर्यंत तो माझ्या टेबलावर होता. एखादी मुलगी येऊन 'मॅडम, काहीतरी चुकतंय' म्हणाली, की मी आधी त्याच्याकडे बघायचे, मग टेप घेऊन उठायचे. दहातल्या नऊ वेळा रिंग बरोबरच निघाली. तरी मोजायचे.