गुरुवारी सकाळी बायॉस

गुरुवारी पुण्यात वीज जाते. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमच्या यांना ठाऊक नव्हतं, कारण हे इंजिनिअर.

कॉम्प्युटर माझा. माझ्या पाटल्या मोडून घेतलेला. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी त्यावर पुस्तकांची पानं जुळवून द्यायची. पहिलं मोठं काम मिळालं होतं, अकरावीच्या गणिताचं गाइड. शुक्रवारी संध्याकाळी प्रकाशक स्वतः प्रिंट न्यायला येणार होते. वेळेत दिलं तर पुढची सगळी गाइडं माझ्याकडे, असं ठरलं होतं.

यांना मात्र तो खेळणं वाटायचा. कंपनीत कुणीतरी सांगितलं, प्रोसेसर आहे त्यापेक्षा जास्त वेगानं पळवता येतो. झालं! यांनी पेटी उघडून आतले वेग ठरवणारे इवले जंपर हलवले आणि मशीन घडीघडी गोठायला लागलं.

"अहो, माझी पानं आहेत त्यात!"

"तू नको गं काळजी करूस. नवा बायॉस टाकला की सुतासारखं सरळ येईल."

बायॉस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम, ज्याच्यावाचून मशीन जागंच होत नाही. यूपीएस घ्या म्हणून मी कधीपासून कानीकपाळी ओरडत होते. यांनी आणला काय, तर पेटीत बसवायला जादा पंखा.

गुरुवारी मी भाजीला गेलेली बघून यांनी बायॉस बदलायला घेतला. निम्म्यात वीज गेली. "आली की बघू," म्हणून साहेब डबा घेऊन कंपनीत. दुपारी वीज आली, पंखे फिरले, पडदा काळा. मी कंपनीत फोन लावला.

"मग बोर्ड गेला म्हणायचा," हे म्हणाले. शांतपणे!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले, बोर्ड बनवणाऱ्यांची साइट उघडून वाचत बसले. चिपचा एक छोटा भाग शाबूत असेल, तर ती फ्लॉपीवरून बाकीचा प्रोग्राम पुन्हा लिहून घेते, असं तिथं होतं. फ्लॉपी भरून घरी आले, ती खराब निघाली. शिव्या घालत परत गेले, दुसरी आणली. यांनी हलवलेले जंपर आधी जागेवर बसवले.

पडद्यावर काही दिसणार नव्हतं, सगळी भिस्त आवाजावर. फ्लॉपी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. त्या वेळी वीज गेली असती तर मी वीज मंडळात जाऊन कुणाचा तरी गळा धरला असता. शेवटी बीप वाजला, अक्षरं उमटली. मी रडले, तेही रागानंच.

शुक्रवारी प्रकाशक आले. प्रिंट माझ्या हातून घेतले आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "वेळेत दिलंत, बरं वाटलं."

"अहो, काल मशीनच गेलं होतं," हे म्हणाले. "पण काढलं दुरुस्त करून."

माझं डोकं सणकलं. "मशीन यांनी घालवलं. दुरुस्त मी केलं. पानंही मीच केलीत. तेव्हा बोलायचं ते माझ्याशी बोला."

प्रकाशकांनी प्रिंट पिशवीत घातले आणि चहा न घेताच गेले. पुढचं गाइड आलं नाही.

"तोंडानं काम घालवलंन् हिनं," असं हे आजही चारचौघांत सांगतात. ऐकणारे हसून माना डोलावतात, आणि माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.